संयम आणि वेगधारण : विभूतिपादाचे वैद्यदृष्टीने अध्ययन

पदवी अभ्यासक्रमात स्वस्थवृत्ताच्या अंगाने योगशास्त्राचा परिचय आपणा सर्वांना झालेला असतो. यमनियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगे आपण परीक्षेसाठी मुखोद्गत करतो. परंतु पातंजल योगसूत्रांचा तिसरा पाद, म्हणजे विभूतिपाद, बहुधा न उघडताच राहतो. आता मात्र रुग्णच तो उघडून आपल्यापुढे येतात. विसाव्या शतकात, १९७० च्या दशकात महर्षी महेश योगी यांनी सूत्राधारित सिद्धी-कार्यक्रम प्रचारात आणला. आज शिबिरे आणि पुस्तके यांतून अशा साधना घरोघरी पोहोचल्या आहेत. "अमुक सूत्रावर संयम करतो, चालेल ना?" असे रुग्णाने विचारले असता वैद्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संयम शब्दाचा शास्त्रीय अर्थ

व्यवहारातील मराठीत संयम म्हणजे आवर, निग्रह. जिभेवर संयम, रागावर संयम असे आपण म्हणतो. योगशास्त्रात मात्र ही स्वतंत्र परिभाषा आहे. चित्त एका स्थानी बांधणे ही धारणा. त्याच विषयाकडे प्रत्ययाचा अखंड प्रवाह वाहणे हे ध्यान. आणि ध्यात्याचे स्वतःचे भान लोपून केवळ विषयच प्रकाशणे ही समाधी. ही तिन्ही एकाच विषयाच्या ठिकाणी घडली की त्यास संयम ही संज्ञा प्राप्त होते. शिरोधारा करणाऱ्या वैद्यास हा भेद सांगण्याची गरज नाही. थेंब थेंब पडणे निराळे आणि न तुटणारी धार निराळी.

याच ठिकाणी पतंजलींनी संयमाचा विनियोग भूमिक्रमाने करावा, असे सांगितले आहे. खालची भूमी जिंकल्यावाचून वरच्या भूमीवर उडी घेता येत नाही. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हा पूर्वकर्माचा नियम आहे. स्नेहन-स्वेदनावाचून वमन देणाऱ्या वैद्यास आपण दोष देऊ. मग यम, नियम, आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार यांवाचून संयम करू पाहणाऱ्यास काय म्हणावे?

सूत्र घेऊन साधना करण्याची प्रचलित रीत थोडक्यात अशी. प्रथम नित्याचे ध्यान करून चित्त शांत होऊ द्यावे. त्या शांततेत निवडलेला शब्द एकदाच, अगदी हळुवारपणे मनात आणावा आणि लगेच सोडून द्यावा. त्याच्या अर्थाचे चिंतन करू नये, फळाची वाट पाहू नये. काही क्षण निःशब्द राहून पुन्हा तोच शब्द घ्यावा. शब्द धरून ठेवणे म्हणजे संयम नव्हे. विषय ठरलेला असला तरी कर्तृत्वाचा आग्रह गळून पडणे हे त्याचे मर्म आहे.

नाभिचक्र : शारीराचा दुवा

विभूतिपादात नाभिचक्रावरील संयमाने शरीररचनेचे ज्ञान होते, असे म्हटले आहे. त्यावरील व्यासभाष्य आयुर्वेदाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. तेथे वात, पित्त व श्लेष्मा हे तीन दोष आणि सात धातू स्पष्टपणे सांगितले आहेत. धातूंची यादी मात्र किंचित निराळी आहे : त्वचा, रक्त, मांस, स्नायू, अस्थी, मज्जा आणि शुक्र. यांतील प्रत्येक आधीचा धातू पुढच्यापेक्षा बाह्य, असा तो क्रम आहे. रसाच्या जागी त्वचा पाहून आपण दचकण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनीही विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सारपरीक्षा सांगताना रससार न म्हणता त्वक्सार म्हटले आहे. मेदाच्या जागी स्नायू हा भेद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपला क्रम पोषणाचा आहे, भाष्यकारांचा क्रम बाहेरून आत जाणाऱ्या दृष्टीचा आहे. दोन्ही शास्त्रे एकाच शरीराकडे दोन प्रयोजनांनी पाहतात, हे येथे दिसून येते.

त्याचप्रमाणे योगमार्गातील नऊ अंतरायांत पहिला क्रमांक व्याधीचा आहे आणि भाष्यकारांनी व्याधीची व्याख्या धातू, रस आणि करणे यांचे वैषम्य अशी केली आहे. धातुसाम्य ही योगाचीही पूर्वअट आहे, असा याचा सरळ अर्थ होतो.

कंठकूप आणि क्षुधावेग

रुग्णांत सर्वाधिक लोकप्रिय झालेला विषय म्हणजे कंठकूप. तेथील संयमाने क्षुधा व तृषा यांची निवृत्ती होते, असे सूत्रकार सांगतात. वजन उतरविण्याची इच्छा असलेल्यास हे वचन औषधाच्या चिठ्ठीसारखे वाटते. येथे आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी प्रमेहाचे एक मध्यमवयीन रुग्ण आमच्याकडे येत असत. रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या त्यांना दुसऱ्या चिकित्सकांनी सुरू केलेल्या होत्या. एका शिबिरात शिकून त्यांनी कंठकूपावर संयम सुरू केला. वजन उतरले, रात्रीचे जेवण सुटले. आम्ही त्यांचे कौतुक केले आणि साधना चालू ठेवण्यास सांगितले. महिन्याभराने घरच्या मंडळींनी त्यांना घामाघूम, थरथरणाऱ्या, बोलण्यात गोंधळलेल्या अवस्थेत आणले. रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ. या धोक्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली गेली होती. शुद्धीवर होते म्हणून तत्काळ साखरपाणी देता आले व ते सावरले. त्याच दिवशी त्यांना गोळ्यांच्या फेरविचारासाठी त्यांच्या चिकित्सकांकडे पाठविले.

नंतर शांतपणे विचारले असता ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, भूक लागते हो, पण कंठावर लक्ष धरून मी ती परतवून लावतो."

हे वाक्य आम्ही महिनाभर आधी ऐकावयास हवे होते. कारण प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. भूक न बाधणे आणि लागलेली भूक दाबणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली संयमाचे फल म्हणून वर्णिलेली आहे. दुसरी वेगधारण होय. धारणा आणि धारण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले असले तरी एक चित्ताची क्रिया आहे आणि दुसरा शरीराशी केलेला झगडा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांत क्षुधा व तृषा दोन्ही येतात. क्षुधावेग रोखल्याने कृशता, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतात. तृषा रोखल्याने कंठशोष, मुखशोष, बाधिर्य, श्रम, ग्लानी व हृदयव्यथा. याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मानस वेग मात्र धारण करावेत, असे सांगितले आहे. नेमके आवरावयाचे काय, याचा निर्णय शास्त्राने आधीच दिलेला आहे. आपले रुग्ण नेमका उलटा क्रम लावतात. लोभ सुटत नाही, जेवण सुटते.

चिकित्सकाने काय करावे

या प्रसंगानंतर आम्ही साधक रुग्णास तीन प्रश्न न चुकता विचारतो. भूक लागतच नाही की लागूनही खात नाही? झोप, मलप्रवृत्ती व बल पूर्वीसारखे आहे का? कोणती औषधे चालू आहेत आणि ती जेवणाच्या वेळांशी बांधलेली आहेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर "लागूनही खात नाही" असे आल्यास ती साधना थांबवावी आणि स्निग्ध, उष्ण, लघु आहार वेळेवर सुरू करावा. भूक खरोखरीच नाहीशी झाली असेल, तर ते सिद्धीचे लक्षण मानण्यापूर्वी अग्निमांद्य, अरुची आणि अन्य व्याधी यांचा शोध घ्यावा. आवश्यक त्या तपासण्या कराव्यात.

उन्माद, तीव्र विषाद, दीर्घ निद्रानाश, धातुक्षय अशा अवस्थांत सूत्रसंयमाचा आग्रह धरू नये. मन स्वतःच विस्कळीत असता त्यास सूक्ष्म विषयात लोटणे हे क्षीण रुग्णास शोधन देण्यासारखे आहे. खुद्द पतंजलींनीही अनेक विभूती समाधीच्या मार्गातील उपसर्ग म्हणून गणल्या आहेत, हे रुग्णास सांगावे.

वैद्यासाठी पहिला विनियोग

मग वैद्याने स्वतः या साधनेतून काही घ्यावे की नाही? आमच्या मते अवश्य घ्यावे आणि आरंभ मैत्री, करुणा व मुदिता यांपासून करावा. यांवरील संयमाने त्या त्या भावनेचे बल प्राप्त होते, असे विभूतिपाद सांगतो. चौथ्या उपेक्षेविषयी भाष्यकारांचे विवेचन मार्मिक आहे : उपेक्षा ही भावना नसल्याने तिच्यावर संयम होत नाही आणि म्हणून तिचे बलही नाही.

चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा. दोन्ही शास्त्रांतील हे साम्य विलक्षण आहे. बाह्यरुग्ण विभागात चाळिसावा रुग्ण समोर बसतो तेव्हा आपले कारुण्य शिल्लक असते का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. आम्ही त्या रुग्णास प्रश्न विचारला नाही, तो ज्ञान नव्हते म्हणून नव्हे. त्या दिवशी अवधान नव्हते म्हणून.

सकाळी रुग्णसेवेपूर्वी दहा-पंधरा मिनिटे ध्यान, त्यानंतर मैत्री, करुणा व मुदिता हे तीन शब्द वर सांगितलेल्या रीतीने दोन-दोन वेळा, आणि उठण्यापूर्वी काही मिनिटे विश्रांती, एवढा क्रम पुरेसा आहे. फळाचा हिशेब ठेवू नये. समोरच्या रुग्णाचे बोलणे आपण मध्येच तोडतो की पूर्ण ऐकतो, एवढेच पाहावे.

तात्पर्य, रुग्णाची भूक शाबूत ठेवावी आणि आपले अवधान वाढवावे. इत्यलम्.