लांबणारा हात

गोदामात पोती किंवा खोकी उचलून रचणारे यंत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याच्या पुढील बाजूस दोन पोलादी काटे असतात. ओझ्याखाली काटे सरकवून ते ओझे वर न्यायचे व नेमक्या जागी ठेवायचे, हे त्याचे काम. त्यास फोर्कलिफ्ट म्हणतात. परंतु हे यंत्र बहुधा सपाट जमिनीवरच चालते, आणि ओझे केवळ सरळ वर नेते. मध्ये चर आला की त्याचा इलाज चालत नाही. ही उणीव भरून काढणारे यंत्र म्हणजे टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट होय.

दुर्बिणीच्या नळ्या जशा एकीत एक बसतात, तशा या यंत्राच्या भुजेत पोलादी पेट्या एकीत एक बसविलेल्या असतात. इंजिनावर चालणारा पंप तेलावर दाब आणतो. ते तेल नळकांड्यांत शिरून दट्ट्यांना ढकलते. एक दट्ट्या भुजा उचलतो, दुसरा ती लांबवितो, तर तिसरा काटे खालीवर कलवितो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम येथे उपयोगी पडतो.

मग भुजा लांबवून वाटेल तेवढे ओझे दूर न्यावे काय? मुळीच नाही! बैलगाडीत मागील बाजूस फार ओझे भरले, तर गाडी उलाळ होते, हे खेड्यातील मुलांना ठाऊक आहे. येथेही तसेच घडते. पुढच्या चाकांचा आस हा टेकू; त्याच्या एका बाजूस ओझे, तर दुसऱ्या बाजूस यंत्राचे वजन. समजा, आसापासून 2 मीटरवर 3 टन ओझे सुरक्षितपणे पेलते. ते 6 मीटरवर नेले, तर उलथविण्याचा जोर तिप्पट होईल. म्हणून तेथे फार तर 1 टन चालेल. भुजेचे स्वतःचे वजनही पुढे सरकते. त्यामुळे खरी मर्यादा याहूनही कमी असते. यासाठी चालकासमोर एक तक्ता लावलेला असतो. तो न पाहता भुजा लांबविणारा चालक आपला आणि खाली काम करणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

आपल्याकडे खोदयंत्रास लोक सर्रास 'जेसीबी' म्हणतात. त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीने 1977 साली 'लोडऑल' नावाचे असे यंत्र बाजारात आणले. तेथील शेतकरी त्याने पेंढ्याचे मोठमोठे गठ्ठे उंच रचतात. इमारतीच्या कामावर विटा चरावरून पलीकडच्या परातीवर पोचविता येतात. काटे काढून बादली लावली, की तेच यंत्र खडी, धान्य वा खत भरते.

ज्याचा हात लांब पोचतो, त्याने आपल्या पायांचा तोल अधिकच सांभाळावा, हेच हे यंत्र शिकविते.

स्वाध्याय

1. साधी फोर्कलिफ्ट व टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट यांत कोणता फरक आहे?
2. भुजा लांबविली असता कमी ओझे का उचलावे लागते? बैलगाडीचे उदाहरण देऊन सांगा.
3. पाण्याने भरलेली बादली प्रथम हात अंगाजवळ ठेवून व नंतर हात पुढे ताणून धरा. काय जाणवते, ते चार ओळींत लिहा.