अंगावरून पांढरं जातं? अंगावर काढू नका!



दसऱ्यानंतर पाटोदा तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. नवरा-बायकोचा कोयता उसाच्या फडावर जातो, तो पाडव्याच्या सुमारास परततो. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी पुरत नाही. पाळीत एक दिवस बसलं तरी खाडा कापला जातो. पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं सुरू झालं तरी बाई ते अंगावर काढते.

मग दवाखान्यात गेल्यावर काहींना एकच सल्ला मिळतो, "पिशवी काढून टाका." २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. खरं तर योनीमार्गाच्या बहुतेक संसर्गांवर काही दिवसांचं औषध पुरतं.

कोणतं पांढरं साधं, कोणतं आजाराचं?

पाळीच्या मध्यावर किंवा गरोदरपणात थोडं, वास नसलेलं पाणी जाणं हा आजार नाही. पण पुढील लक्षणं दिसली तर तपासणी हवी:

- दह्यासारखं घट्ट पांढरं आणि खूप खाज (बुरशी)
- पातळ, करडं, माशासारखा वास
- पिवळं-हिरवं, फेसाळ पाणी
- ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा रक्त जाणं

दिवस राहण्यावर परिणाम कसा होतो?

साध्या बुरशीमुळे वांझपण येत नाही. भीती आहे ती संबंधातून येणाऱ्या परमा, क्लॅमिडिया यांसारख्या संसर्गांची. त्यांचे जंतू पिशवीतून वर गर्भनलिकांपर्यंत चढतात. नळी सुजते, आतून चिकटते. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि जिवावर बेततं. हा संसर्ग कधीकधी काहीच त्रास न देता आत वाढतो. मूल होत नाही म्हणून बाईलाच बोल लावू नका. दोष पुरुषातही असू शकतो. तपासणी दोघांची करा.

गरोदरपणात

माशासारखा वास येणारा संसर्ग असेल तर अपुऱ्या दिवसांत पाणमोट फुटण्याचा, बाळ लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. गरमी असेल तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. वेळेवर पेनिसिलीनची सुई दिली तर बाळ वाचतं. म्हणून गरोदरपणात गरमीची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका. काही गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत.

काय करायचं?

- आशाताईंना सांगा, ग्रामीण रुग्णालयात जा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.
- बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.
- डॉक्टरांनी सांगितलं तर नवऱ्यानेही औषध घ्यायचं. तोपर्यंत संबंध नको, नाहीतर आजार पुन्हा येतो.
- पाळीची कापडं धुऊन उन्हात वाळवा. आतून साबणाने, डेटॉलने धुऊ नका.
- फडावर जाण्याआधी एकदा तपासून घ्या.

"पिशवी काढा" म्हटलं तर

लगेच उचल घेऊन ऑपरेशनला जाऊ नका. कोणता आजार आहे, औषधाने का बरा होत नाही, हे विचारा. सोनोग्राफीचा कागद मागून घ्या. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी सरकारी डॉक्टरांची परवानगी घ्यावी लागेल, अशी अटही घातली गेली आहे. कमी वयात पिशवी गेली, त्यातही बीजकोश काढले, की हाडं ठिसूळ होतात.

लाज कसली?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये अभ्यास छापून आला: शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, पण आधी तपासणी झाली होती फक्त ८ जणींची. म्हणजे दुखणं घरोघरी आहे, बोलणं कुठेच नाही. हे पान महिला मंडळात मोठ्याने वाचा, लेकी-सुनांना सांगा. आणि घरातल्या पुरुषांनाही वाचायला द्या.