तळे आणि तुरुंग

पाठपरिचय

रायपूर शहरातील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता तेव्हापासून, आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने, अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या घरांतून मराठी बोलली जाते. पण घराबाहेरची झाडे, पाखरे आणि पिके छत्तीसगडची असतात. शहराबाहेर पडले की धानाची शेते लागतात, पुढे महानदी लागते, आणि चैत्राच्या सुमारास रानात मोहाची फुले टपटपू लागतात.

या महानदीचे नाव एका मराठी पुस्तकाच्या शीर्षकात आले आहे. ‘महानदीच्या तीरावर’ हे ते पुस्तक. गोंडांच्या जीवनाशी निगडित असलेले हे लेखन दुर्गा भागवत यांचे. अमेरिकन निसर्गचिंतक हेन्री डेव्हिड थोरो याला मराठीत आणले तेही दुर्गाबाईंनीच. त्याच्या ‘वॉल्डन’ या ग्रंथाचा त्यांनी केलेला अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने प्रसिद्ध आहे. हा पाठ वाचल्यावर थोरोच्या विचारांचा परिचय तुम्हाला होईल, आणि निसर्गावर प्रेम करणारा माणूस तुरुंगात का जातो, या प्रश्नाचा विचार तुम्हाला करता येईल.

मूळ पाठ

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉन्कर्ड या लहानशा गावी झाला. हार्वर्डमध्ये शिक्षण घेऊन तो गावी परतला आणि शिक्षक झाला. परंतु विद्यार्थ्यांना छडी मारलीच पाहिजे, असा आग्रह वरिष्ठांनी धरताच त्याने ती नोकरी सोडली. पुढे वडिलांच्या पेन्सिलींच्या कारखान्यात आणि जमिनीच्या मोजणीत त्याने पोटापुरते काम केले. उरलेला वेळ त्याने पायी हिंडण्यात, पाहण्यात आणि पाहिलेले टिपून ठेवण्यात घालविला.

४ जुलै १८४५ रोजी तो गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. जागा त्याचा मित्र आणि मार्गदर्शक इमर्सन याच्या मालकीची होती. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी झोपडी थोरोने स्वतःच्या हातांनी बांधली. तिला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला. हा अर्ध्या सेंटचा हिशेबही त्याने ग्रंथात नोंदविला आहे. माणसाला जगण्यास खरोखर किती लागते, हे त्याला दुसऱ्याकडून ऐकावयाचे नव्हते. स्वतः मोजून पाहावयाचे होते. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस तो तेथे राहिला. त्याच्या आईचे घर तेथून फार दूर नव्हते आणि तो अधूनमधून जेवावयासही घरी जात असे. यावरून त्याची थट्टा करणारे आजही आहेत. त्या थट्टेत फारसा अर्थ नाही, कारण आपण संन्यास घेतला आहे असे थोरोने कधीच म्हटले नव्हते.

वॉल्डन तळ्याला तळच नाही, अशी गावकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लोक तसे सांगत आले होते. १८४६ मध्ये तळे गोठलेले असताना थोरोने बर्फाला छिद्रे पाडली, दोरीला दगड बांधून तो खाली सोडला आणि सर्वांत खोल जागा १०२ फूट असल्याचे दाखवून दिले. थोरोचा स्वभाव समजून घेण्यासाठी ही एक घटना पुरेशी आहे. तळ्याच्या सौंदर्यावर त्याने पुष्कळ लिहिले. पण ते मोजल्याशिवाय लिहिले नाही.

पाठगत प्रश्न : थोरोने तळ्याची खोली का मोजली असावी? तुमच्या परिसरात न तपासता खरी मानली जाणारी एखादी समजूत सांगा.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात थोरो चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला बूट आणण्यासाठी गावात आला होता. त्या वेळी त्याला अटक झाली. काही वर्षांपासून त्याने डोईपट्टी भरली नव्हती. गुलामगिरीला आश्रय देणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला आपला पैसा देणे त्याला मान्य नव्हते. त्या रात्री तो तुरुंगात राहिला. कोणीतरी परस्पर त्याची पट्टी भरून टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोडण्यात आले, याचा त्याला आनंद झाला नाही. मात्र तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. चांभाराकडून बूट घेतला, तो पायात घातला आणि रानफळे वेचण्यास निघालेल्या मंडळींबरोबर तो टेकडीवर गेला. ही फळे म्हणजे आपल्याकडच्या करवंदांसारखी झुडपांवर येणारी लहान, गर्द रंगाची फळे. तुरुंग आणि करवंदांची जाळी यांमध्ये त्याला अंतर वाटले नाही.

या अनुभवावर त्याने १८४८ मध्ये व्याख्यान दिले आणि १८४९ मध्ये ते निबंधरूपाने छापले गेले. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या हयातीत त्याच्या पुस्तकांना वाचक थोडेच लाभले. पहिल्या पुस्तकाच्या छापलेल्या १००० प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने त्यालाच परत पाठविल्या आणि त्याने त्या स्वतः जिना चढून वर नेऊन ठेवल्या. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, क्षयाने त्याचे निधन झाले.

थोरोचे भारताशी नाते मात्र त्याच्या जिवंतपणीच जडले होते. वॉल्डनकाठी तो भगवद्‌गीता वाचत असे. त्या काळी अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजांतून कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या बंदरांत येई. वॉल्डनचा बर्फ कापला जाताना पाहून, आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्याला भेटते आहे, अशी कल्पना त्याने केली. पुढे त्याचे विचारही याच वाटेने आले. दक्षिण आफ्रिकेत असताना, १९०७ मध्ये, गांधीजींनी त्याच्या निबंधाचा सारांश आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात दिला. सत्याग्रह थोरोकडून घेतला, असे मात्र म्हणता येणार नाही; लढा त्यापूर्वीच सुरू झाला होता, हे गांधीजींनी स्वतः स्पष्ट केले आहे. समविचारी माणसाची साक्ष मिळावी, तसा तो निबंध त्यांना मिळाला. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनीही विद्यार्थिदशेत तो वाचला होता.

रायपूरच्या वाचकाला यासाठी फार दूर पाहण्याचे कारण नाही. १९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावातील शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून दंड बसविण्यात आला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने तो भरण्यास नकार दिला. जप्त केलेली गुरे बाजारोबाजार फिरविली गेली, पण त्यांच्यावर कोणी बोली लावली नाही, असे सांगतात. अखेर दंड मागे घ्यावा लागला. कंडेलच्या शेतकऱ्यांनी थोरोचे नावही ऐकले नसेल.

दुर्गाबाईंनी मात्र तो पूर्ण वाचला होता. १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे जन्मलेल्या दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी मध्य प्रांतातील रानांत, गोंडांच्या वस्त्यांत हिंडल्या. त्या भटकंतीत विषारी सुरण खाण्यात आला आणि त्यांना काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. हाती घेतलेले संशोधन अर्धवट राहिले. सक्तीच्या त्या विश्रांतीत दिसणारे आभाळ, झाडे, बदलणारा उजेड यांच्याकडे त्यांचे लक्ष अधिक खोलवर गेले. १९५६ मध्ये त्यांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या बारा महिन्यांचे हे ललित निबंध मराठीत अपूर्व ठरले. त्यांत वसंताचे ठरीव कौतुक नाही. कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटते, तिचा रंग दिवसागणिक कसा पालटतो, हे पाहिलेल्या माणसाचे ते लेखन आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या, तर स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अटकेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी, असे आवाहन त्यांनी त्या व्यासपीठावरून केले आणि लेखकाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. आणीबाणी उठल्यानंतरही त्यांनी शासकीय सन्मान स्वीकारले नाहीत. ७ मे २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘ऋतुचक्र’ वाचणारे वाचक वेगळे आणि कराडची आठवण काढणारे वेगळे, असे मराठीत बहुधा घडले आहे. पहिल्यांना दुर्गाबाई कोमल वाटतात, दुसऱ्यांना कणखर. थोरोच्या वाट्यालाही हेच आले. कोणी त्याला तळ्याकाठी बसविले, कोणी तुरुंगात. वस्तुतः पानाचा रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला सरकारी घोषणाही त्याच डोळ्यांनी पाहण्याची सवय लागते.

थोरोच्या नोंदींना एक अनपेक्षित उपयोगही लाभला आहे. कॉन्कर्डमध्ये कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, हे तो वर्षानुवर्षे लिहून ठेवीत असे. बॉस्टनमधील वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या तारखा अलीकडच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा अनेक रानफुले आता पूर्वीपेक्षा लवकर फुलतात, असे आढळले. हवा तापत चालल्याचा हा पुरावा एका हौशी माणसाच्या वहीत दीडशे वर्षे पडून होता.

शब्दार्थ : डोईपट्टी – माणशी आकारला जाणारा कर, बोली – लिलावात सांगितलेली किंमत, ठरीव – ठराविक, साचेबंद.

उपक्रम : तुमच्या घराजवळचे एक झाड निवडा. पुढील बारा महिने दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे आणि त्यावर येणारे पक्षी यांची तारखेसह नोंद करा. नोंद करण्यापूर्वी त्या झाडाविषयी घरातील वडीलधारी माणसे काय सांगतात ते विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.