परसातला प्लॅस्टिकचा बोगदा

पावसाळ्यात रानभाज्या भरपूर मिळतात. टाकळा, कुर्डू, भारंगी यांना कोणी राखण करावी लागत नाही. पण मेथी, कोथिंबीर, पालक यांचे काय होते? बी पेरले की दोन दिवसांत मुसळधार सर येते. बी वाहून जाते. उगवलेच तर कोवळ्या रोपांच्या बुडाशी पाणी साचते, देठ कुजतो आणि रोप आडवे पडते. याला ‘रोपांची मर’ म्हणतात. मग बाजारात जावे, तर एवढीशी जुडी महाग! म्हणून बऱ्याच घरांत श्रावणापर्यंत ताटात हिरवी पालेभाजी क्वचितच दिसते. वाढत्या वयाच्या मुलांना तर तिचीच जास्त गरज असते.

यावर एक साधा उपाय आहे. वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचे. झाला बोगदा!

हा बोगदा काम कसे करतो?

दुपारी उन्हात उभ्या असलेल्या एस.टी.च्या गाडीत बसा. काचा बंद असतील तर जीव नकोसा होतो. ऊन काचेतून आत येते, आतल्या वस्तू तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते. तापलेली हवा वर जाऊ पाहते, पण तिला बाहेर जायला वाटच नसते. प्लॅस्टिकच्या बोगद्यात अगदी हेच घडते. पूर्वी अशी घरे काचेची बांधत. १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात प्राध्यापक एमर्ट यांनी काचेऐवजी स्वस्त पारदर्शक कागद वापरून हरितगृह उभे केले. तेव्हापासून ही युक्ती साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली.

आपल्या लडाखमध्ये लेहला हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. तिथले लोक जमिनीत खड्डा खणून त्यावर प्लॅस्टिक अंथरतात आणि आत पालक पिकवतात. तिथे शत्रू थंडी आहे, म्हणून ते बोगदा बंद ठेवतात. कोकणात वर्षाला २,५०० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. इथे शत्रू पाऊस आहे. लडाखसारखा बोगदा आपण भर दुपारी बंद ठेवला तर रोपे शिजून जातील! म्हणून पहिला नियम असा : आपले रक्षण कशापासून करायचे आहे ते आधी ठरवा, मग बोगदा बांधा. आपला बोगदा म्हणजे पिकाची छत्री. छत्रीच्या बाजू उघड्या असतात की नाही?

साहित्य

बांबूच्या कामट्या ६, लांब बांबू २, पारदर्शक प्लॅस्टिक, सुंभ किंवा काथ्या, खुंट्या, पहार, कोयता आणि जुन्या कापडाच्या चिंध्या. कोयत्याचे काम मोठ्यांनीच करावे. प्लॅस्टिक अतिनील किरणे सोसणारे, २०० मायक्रॉन जाडीचे घ्यावे. साधे प्लॅस्टिक आपल्या उन्हात काही महिन्यांतच कडक होऊन फाटते.

थोडे गणित

बोगदा १४० सें.मी. रुंद व ३ मीटर लांब करू. कमान अर्धवर्तुळाची. त्रिज्या ७० सें.मी. म्हणून अर्धवर्तुळाची लांबी २२/७ × ७० = २२० सें.मी. दोन्ही टोके ३०–३० सें.मी. जमिनीत रोवायची. म्हणजे कामटी २८० सें.मी. लांब हवी. दर ६० सें.मी.वर एक कमान, तर ३ मीटरला कमानी किती? चटकन ‘५’ म्हणू नका! गाळे ५, पण कमानी ६.

प्लॅस्टिकची रुंदीही २८० सें.मी. लांबी ५ मीटर, कारण दोन्ही तोंडांशी एकेक मीटर जास्त लागते.

कृती

१. कामट्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवा. नीट वाकतात, किडाही कमी लागतो. गाठी तासून गुळगुळीत करा.

२. भरपूर शेणखत घालून १५ सें.मी. उंच गादीवाफा करा. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तो अरुंद तोंडावर आदळला की बोगद्याला जोर कमी बसतो.

३. पहारीने भोके पाडून कमानी रोवा. सगळ्यांच्या माथ्यावर एक लांब बांबू बांधा. घराला जसे आढे, तसे हे बोगद्याचे आढे. प्रत्येक गाठीवर चिंधी गुंडाळा, नाहीतर प्लॅस्टिक तिथेच फाटते.

४. प्लॅस्टिक टाका. दक्षिणेची कड व पश्चिमेचे तोंड मातीत पक्के गाडा. उत्तरेची कड दुसऱ्या बांबूला गुंडाळा, म्हणजे ती वरखाली करता येईल. पूर्वेचे तोंड मोकळे.

५. दोन कमानींच्या मधून सुंभ आडवा ताणून खुंट्यांना बांधा. असे केले म्हणजे वारा प्लॅस्टिक फडफडवत नाही.

६. दोन्ही बाजूंना चर खणा. का? १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. आपला बोगदा ४.२ चौरस मीटर जागा झाकतो. ५० मि.मी. पावसात त्यावरून २१० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या १४ बादल्या पाणी ओघळते. चर नसेल तर ते सगळं वाफ्यातच शिरणार!

काय लावावे?

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि मिरची-वांग्याची रोपे. मेथी महिन्याभरात काढायला येते. काकडी, दुधी आत लावू नका. त्यांचे वेल मोठे होतात आणि फळ धरायला मधमाशी यावी लागते.

रोजची काळजी

“गुरुजी, पावसाळ्यात झाडांना पाणी कशाला घालायचं?” असे कोणी विचारील. अहो, छत्रीखालचा माणूस भिजतो का? बाहेर धो धो पाऊस असला तरी आतली माती कोरडी पडते. बोट खुपसून पाहा आणि सकाळी झारीने पाणी द्या. पानांवर नको, बुडाशी द्या. उत्तरेची कड वीतभर वर ठेवा. आतून थेंब साचलेले दिसले तर आणखी वर करा. कोंदट हवेत बुरशी वाढते. थंडीत रात्री कड व तोंड दोन्ही बंद करा, पण ऊन चढताच उघडा. उन्हाळ्यात प्लॅस्टिक काढून घडी करून सावलीत ठेवा. आत हात घालण्यापूर्वी काठीने आपटून पाहा. उबेला साप येतो.

फाटलेले प्लॅस्टिक जाळू नका, उकिरड्यावरही टाकू नका. गाईने ते खाल्ले तर तिच्या पोटात गोळा होतो आणि ती दगावते. तुकडे गोळा करून भंगारवाल्याला द्या.

करून पहा

दोन वाट्यांत सारखे पाणी घ्या. एक बोगद्यात, एक बाहेर उन्हात ठेवा. पूर्वेचे तोंड व उत्तरेची कड तासभर बंद करा. मग दोन्ही वाट्यांत बोट बुडवा. फरक वहीत लिहा. तोंड व कड पुन्हा उघडायला विसरू नका.

सांगा पाहू

१. बोगदा ४२० सें.मी. लांब केला तर कमानी किती लागतील?
२. लडाखचा बोगदा बंद व आपला उघडा, असे का?
३. तुमच्या परसात पिकाचा शत्रू कोण? पाऊस, थंडी, ऊन की शेळी?