स्विचचा पोर्ट : दोन्ही टोके जुळली पाहिजेत

श्रीवर्धनच्या सुपारी व्यापाऱ्याने गोदाम आणि पेढीचे संगणक जोडले, दिवेही लागले, तरी बिल रेंगाळते. अशा वेळी नवा संगणक घेण्याआधी पोर्टचे सेटिंग पाहा.

एका टोकाला ‘१०० फुल डुप्लेक्स’ पक्के केले आणि दुसरे ‘ऑटो’ राहिले, तर ऑटो टोक वेग ओळखते, पण हाफ डुप्लेक्सवर उतरते. मग एक टोक पाठवता-पाठवता घेते, दुसरे आळीपाळीने. माहिती आदळून वाया जाते.

उपाय बिनखर्ची : दोन्ही टोके ऑटो ठेवा. साधा स्विच ऑटोच असतो. तेव्हा संगणकाचे नेटवर्क कार्ड तपासा. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच न्या. १९९९ च्या गिगाबिट मानकाला तारांच्या चारही जोड्या लागतात. कारागिराकडून त्या मोजून घ्या.