भावी प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अभ्यासक्रम : झाशीच्या संदर्भात

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. झाशी जिल्ह्याची संस्था बरुआसागर येथे आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला बारावीनंतर प्रवेश मिळतो. उत्तर प्रदेशात मात्र त्यासाठी पदवीची अट दीर्घकाळ राहिली आहे. वरवर ही अट अधिक कडक वाटते. परंतु पदवीच्या विषयाचे बंधन नसल्याने कला शाखेच्या अनेक पदवीधरांचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच संपलेला असतो, आणि नोकरीत त्यांना सर्वच विषय शिकवावे लागतात.

विज्ञानाचा पदवीधर हा यावरील अर्धाच उपाय होय. बी.एस्सी.चा अभ्यासक्रम पदव्युत्तर शिक्षणावर नजर ठेवून आखलेला असतो. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब कसे जमतात, या प्रश्नापाशी उष्मागतिकीची समीकरणे पाठ असलेला पदवीधरही अडखळू शकतो. पाणी आतून झिरपले, असे मुलांना वाटते. झाकण लावलेल्या पेल्याचे वजन थेंब जमल्यावर वाढते, हे ज्या प्रशिक्षणार्थीने स्वतः तराजूवर पाहिले, तोच ही समजूत दूर करू शकेल. अशा अभ्यासक्रमात घटक थोडे असावेत, पण प्रत्येकाला पुरेसा अवधी मिळावा.

विषय परिसरातच आहेत. बुंदेलखंडातील ग्रॅनाइटमध्ये पाणी मुख्यतः भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात साठते. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींपैकी एक उन्हाळ्यात आटते, दुसरी टिकते. विहिरींची पातळी दरमहा मोजून कारणांचा शोध घेणे, हे वर्षभराचे उत्तम प्रात्यक्षिक ठरेल. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. खरा तुटवडा आहे तो असे प्रयोग करवून घेणाऱ्या अध्यापकांचा.

शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (१९७२ ते २००२) ही दिशा दाखवली होती. तेथे शिक्षक आधी स्वतः प्रयोग करीत, आणि परीक्षेत मुलांना पुस्तक उघडण्याची मुभा असे.

२०२० च्या धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक शिक्षण पदवी ही किमान पात्रता ठरविण्याचे उद्दिष्ट ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक शिक्षकपदाची पात्रता मानण्यास नकार दिला. या दोन निर्णयांमुळे विषयज्ञान व अध्यापनपद्धती एकत्र गुंफण्याची संधी मिळाली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या प्रमाणाने, दरवर्षी नवा वर्ग धरला तर, ३० वर्षांच्या सेवेत एका शिक्षकाच्या हाताखालून ९०० मुले जातात. या गुंतवणुकीचा परतावा त्या हिशेबाने मोजावा लागेल.

संलग्न महाविद्यालयांत मात्र परीक्षेत विचारले जाते तेच शिकवले जाते. पेल्याचे थेंब आणि विहिरीची नोंदवही यांना गुणपत्रिकेत स्थान मिळाले नाही, तर नव्या पदवीतही व्याख्यांचीच घोकंपट्टी चालू राहील.