फक्करोग, मुडदूस आणि बालकाचा आहार-विहार

बालक वर्षाचे होऊनही चालत नाही किंवा त्याचे पाय वाकडे दिसतात, अशी तक्रार आली की चिकित्सालयात प्रवाळाचा कल्प आणि दुकानात कॅल्शियमचे सिरप ठरलेलेच असते. आहार-विहाराची विचारपूस मात्र राहून जाते.

काश्यपसंहितेत वर्षभरानंतरही पायांनी न चालणाऱ्या बालकास फक्क म्हटले असून क्षीरज, गर्भज व व्याधिज असे प्रकार वर्णिले आहेत. फक्क म्हणजेच मुडदूस, हे सरळ समीकरण आम्हांस मान्य नाही. फक्काची व्याप्ती मोठी आहे. तथापि क्षीरज प्रकारातील स्तन्यदुष्टीचा विचार आजही मार्गदर्शक ठरतो. स्तन्यात ड जीवनसत्त्व मुळातच अल्प. मातेच्या अंगी ते कमी असेल तर अर्भकाच्या वाट्यास आणखी कमी येते. म्हणून पहिले वर्षभर रोज ४०० युनिट देण्याची शिफारस आहे.

अर्भकास तेल माखून कोवळ्या उन्हात निजविण्याची चाल आपल्याकडे आहे. अभ्यंगाचे गुण आहेतच, परंतु ज्या अतिनील किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते सूर्योदयाच्या सुमारास फारसे पोचत नाहीत. काचेच्या बंद खिडकीतून तर जवळजवळ नाहीच. आपली सावली उंचीहून आखूड पडते ती वेळ उपयोगाची. चालत्या-खेळत्या बालकास अशा वेळी थोडा वेळ उघड्या हातापायांनी अंगणात वा गच्चीवर सोडावे. तान्ह्यास मात्र या प्रखर उन्हात ठेवू नये.

एक ते तीन वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीत ते शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, पण वाटीभर पेजेत पीठ जाते वीसच ग्रॅम, म्हणजे हाती येतात सत्तर. मोड आणलेली नाचणी अधिक अंगी लागते. तथापि वाटून-गाळून केवळ सत्त्व घेतल्यास चोथ्याबरोबर कॅल्शियमही जाते. सोबत दूध वा ताजे दही हवेच. चहा-बिस्किटाने पोट भरलेले मूल दोन्ही नाकारते, आणि माता म्हणते, "ह्याला भूकच नाही."

औषधविक्रेत्या बंधूंनी थेंबांच्या बाटलीवरील मात्रा पाहूनच ती द्यावी. मिलिलिटरला ४०० आणि ८०० युनिट, अशा दोन्ही बाटल्या बाजारात आहेत. ६०,००० युनिटची पुडी तर चिठ्ठीवाचून देऊच नये. अतिमात्रेने वांती, मलावष्टंभ व अरुची उत्पन्न होते, आणि अरुचीवर पुन्हा टॉनिक मागितले जाते.

दोन वर्षांपर्यंत दोन्ही पायांचा सारखा बाक बहुधा प्राकृत असतो. मनगटे रुंद होणे, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येणे, दीड वर्षानंतरही टाळू न भरणे वा चालणे सुरू न होणे, यांपैकी काही आढळल्यास मनगटाचे क्ष-किरण चित्र आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फटेज यांची तपासणी करून बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. झटके आल्यास त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे.